डॉक्टरअक्कांचं अर्धं कपाळ

डॉक्टरअक्कांच्या कपाळावर उजव्या बाजूला चार ठसठशीत आठ्या होत्या आणि डाव्या बाजूला एकही नव्हती. त्या भुवया उंचावायला गेल्या की उजवी वर चढायची, डावी जागची हलायची नाही. त्यामुळे त्यांना कशाचं नवल वाटलं तर ते अर्ध्याच चेहऱ्याला वाटलंय असं दिसे. नवे पेशंट समजत, बाईंना कधीतरी लकवा होऊन गेला असणार. धारवाडजवळ केलगेरीला त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका आजींनी तर चोळायला कसलंसं तेल आणून दिलं. अक्कांनी त्यात काय काय घातलंय ते विचारून कागदावर टिपून घेतलं आणि मग सांगितलं, लकवा नाही हो, मी स्वतःच सुई टोचून घेतली आहे. आजी तेल परत घेऊन गेल्या.

सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन तेव्हा हुबळीत नुकतंच कोणाकोणाच्या तोंडी येऊ लागलं होतं. मुंबई-बेंगळूरला जाऊन आलेल्या बायका दबक्या आवाजात चौकशी करायच्या. अक्कांचा नियम असा की रूपासाठी घ्यायची सुई आधी स्वतःला टोचायची, मग दुसऱ्याला. म्हणून पहिली बाटली आली तेव्हा आरशासमोर बसून त्यांनी ती स्वतःच्या कपाळाला टोचली, पण फक्त डावीकडे. दोन्हीकडे टोचलं तर फरक कशाशी ताडून बघणार, असं त्यांचं म्हणणं. तीन-चार महिन्यांनी औषधाचा जोर ओसरतो, मग त्या पुन्हा डावीकडेच टोचायच्या. हे कितीतरी वर्षं चाललं. मी एकदा विचारलं, आता तर काय होतं ते कळलंय, मग उजवीकडे का घेत नाही? त्या म्हणाल्या, "मग पेशंटला दाखवू काय?"

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही धारवाडला सप्तापुरात राहायचो. वडील शाळेतून निवृत्त झालेले, मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आणि घरात बसलेली. अक्कांना दवाखान्यात नावं लिहायला, औषधं जपायला कोणीतरी मराठी-कन्नड दोन्ही नीट बोलणारी मुलगी हवी होती. त्यांनी मुलाखत म्हणून माझ्या हातात औषधाची एक बाटली दिली आणि म्हणाल्या, वाच. मी नाव वाचलं. "पुढे?" मी कंपनी वाचली, तारीख वाचली. "पुढे?" खाली मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. ते मी बाटली खिडकीपाशी नेऊन वाचले. त्या म्हणाल्या, वरचं नाव विकण्यासाठी असतं, औषध खाली असतं. सोमवारपासून ये.

दवाखाना हुबळीत, बाजाराच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर होता. पाटीवर त्वचारोग एवढंच होतं, सौंदर्य हा शब्द त्यांनी कधी लावू दिला नाही. तोपर्यंत त्यांची पन्नाशी उलटली होती. लग्न केलेलं नव्हतं. रोज सकाळी त्या आपली जुनी फियाट घेऊन सप्तापुरावरून जात आणि मला बरोबर घेत. माझ्या मांडीवर बर्फाचा थर्मास असे, कारण ती इंजेक्शनं गारठ्यातच ठेवावी लागतात आणि हुबळीच्या विजेवर अक्कांचा काडीचा विश्वास नव्हता. संध्याकाळी बाटल्या त्यांच्याबरोबर घरी जात आणि सकाळी परत येत.

त्यांचा एकच प्रश्न होता, आत काय आहे. तो त्या सगळ्यांना विचारत. येताना कधी गाडीवर गिरमिट खायला थांबलो तर चुरमुऱ्यांना लावलेल्या मसाल्यात काय आहे, तेल कुठलं, चिंच घातली की आणखी काही, अशी चौकशी व्हायची. शेवटी शेवटी तो गाडीवाला अक्का दिसल्या की हात चालू ठेवून न विचारताच सगळं म्हणून दाखवायचा.

माझ्या आधीची एक गोष्ट मी ऐकली होती. त्या काळात वारेच्या अर्काची इंजेक्शनं फार चालत. बाळंतिणीची वार असते ना, तिच्यातून काढलेला अर्क. जखमा भरतात, कातडी तजेलदार होते, असं सांगून औषधकंपन्यांची माणसं ती डॉक्टरांकडे आणायची. असा एक जण अक्कांपुढे बसून भराभरा बोलत होता. त्याचं बोलणं संपल्यावर अक्कांनी विचारलं, "ज्या बाईची वार घेतली तिला विचारलं होतं का?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. वरच्यांना विचारून सांगतो म्हणून तो गेला, तो परत आलाच नाही. अक्कांनीही ते औषध कधी ठेवलं नाही.

सुरकुत्यांच्या इंजेक्शनाबद्दल तर त्या पेशंटला जे सांगायच्या ते ऐकून मी पहिल्या आठवड्यात घाबरले होते. समोर नटूनथटून आलेली बाई बसलेली असायची आणि अक्का सरळ सांगायच्या की हे विष आहे. डब्यातलं अन्न नासलं की त्यात एक जंतू वाढतो, त्याचं हे विष. जास्त पोटात गेलं तर माणसाचा श्वास बंद पडतो. मी तुम्हाला त्यातलं अगदी कणभर देणार आहे, त्याने कपाळाचा स्नायू काही महिने झोपेल, म्हणून आठी पडणार नाही. आता सांगा, देऊ का? निम्म्या बायका पर्स उचलून उठायच्या. कंपनीच्या माणसाने एकदा अक्कांना विनंती केली की विष म्हणू नका, प्रोटीन म्हणा, ते खोटंही नाही. अक्का म्हणाल्या, खोटं नाहीच. नागाच्या विषातही प्रोटीनच असतं.

पुढे गालावरची घळ भरून काढणारं इंजेक्शन आलं, हायलुरॉनिक ॲसिडचं. ते आपल्या कातडीत मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं. पण बाटलीतलं कुठून आणलेलं, हे अक्कांना हवं होतं. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, हे त्यांनी वाचलेलं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बायका शाकाहारी घरातल्या. अक्कांनी कंपनीला पत्र टाकलं आणि उत्तर येईपर्यंत ती बाटली उघडली नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं की आमचं कोंबड्याचं नाही, जंतू वाढवून त्यांच्याकडून करून घेतलेलं आहे. मग त्या तसंच सांगू लागल्या. एका कापडाच्या व्यापाऱ्याची बायको म्हणाली, जंतूही जीवच की. अक्का म्हणाल्या, हो, जीवच, तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना विचारून या. ती खरंच सासऱ्यांना विचारायला गेली आणि पुन्हा आली नाही. मी म्हटलं, आणखी एक पेशंट गेला. अक्कांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटतं, त्यांना उलट बरंच वाटलं असावं.

त्याच विषाने दुसरं काय होतं ते मला एका कंडक्टरमुळे कळलं. मला हा माणूस आधीपासून माहीत होता. अक्का सुट्टीवर असल्या की मी धारवाडहून बसने यायची आणि त्या बसवर हा पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस तिकीट देताना डावा डोळा मारायचा. मलाही दोनदा मारलेला. मी तिकीट घेऊन तोंड फिरवून बसायची आणि घरी येऊन आईजवळ त्याला शिव्या घालायची. एक दिवस तो दवाखान्यात आला, बायकोला घेऊन. मी नाव लिहून घेताना वरसुद्धा बघितलं नाही.

त्याची डावी पापणी, गाल आणि तोंडाचा कोपरा आपोआप आकसत होता. दिवसातून शेकडो वेळा. चार वर्षं झाली होती. बायका तक्रारी करायच्या, एका मुलीच्या भावाने त्याला बसस्टँडवर मारलं होतं, आणि आता वरून चौकशी लागली होती. त्याची बायको कन्नडमध्ये सांगत होती की घरात झोपेतसुद्धा डोळा हलतो, झोपेत हे कोणाला डोळा मारतील. अक्कांनी त्याचा चेहरा धरून बराच वेळ बघितला. हा नसेचा आजार आहे, ह्यात तुमचा काही दोष नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो माणूस रडायला लागला. रडतानाही डोळा आकसतच होता.

इंजेक्शनाची बाटली एकदा पाण्यात कालवली की त्याच दिवशी संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. एका कपाळाला ती सगळी लागत नाही. अक्कांनी दोन बायकांची कपाळं आणि कंडक्टरचा डोळा एकाच सकाळी ठेवला आणि बायकांना तसं सांगूनही टाकलं, बाटली एक, सुया वेगळ्या. त्यांतल्या एकीने नाक मुरडलं. अक्का म्हणाल्या, तुम्हाला नको असेल तर राहू द्या, त्यांना मात्र द्यायलाच हवं. तिने मुकाट्याने कपाळ पुढे केलं.

आठ-दहा दिवसांनी कंडक्टर परत आला. डोळा शांत होता. अक्कांनी लिहून दिलेला कागद त्याने वरच्या साहेबाला दाखवला होता आणि चौकशी थांबली होती. दर चार महिन्यांनी तो येत राहिला. मी त्याची माफी मागावी असं पुष्कळदा मनात आलं. शेवटी एकदा मागितली. त्याला मी आठवतच नव्हते. म्हणाला, अशा फार होत्या, ताई.

हे सगळं ऐकून, बघून, आठ वर्षं त्या बाटल्या मांडीवर घेऊन फिरल्यावर मी जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

अक्कांच्या बहिणीचा मुलगा डॉक्टर होऊन आमच्या दवाखान्यात बसू लागला होता. मुलगा वाईट नव्हता. हसतमुख, कामाला वाघ, अक्कांना मावशी मावशी करणारा. सकाळी अक्का बसत, चारनंतर तो. तोपर्यंत हुबळीत गोरं करणाऱ्या इंजेक्शनांचं वेड आलं होतं. ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सी, सलाइनमधून शिरेत द्यायचं. अक्कांनी त्याला स्पष्ट नाही म्हटलं होतं. रक्तातून दिलेलं औषध काही चेहऱ्याचा पत्ता विचारत जात नाही, सगळीकडे जातं, आणि सगळीकडे जाऊन काय करतं ते अजून कोणी धड बघितलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. तो बरं म्हणाला. पण चारनंतर मुली येत होत्या. लग्न ठरलेल्या, लग्न ठरत नसलेल्या. मला माहीत होतं, कारण नावं मीच लिहीत होते. अक्कांना मी सांगितलं नाही.

मी तेव्हा तिशी ओलांडलेली. रंगाने काळीच. आजवर नऊ-दहा ठिकाणी दाखवून झालं होतं. बेळगावचं एक स्थळ आलं, मुलगा बँकेत, माणसं साधी. निघताना मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, सगळं पसंत आहे हो, जरा उजळ असती तर मी आजच साखर वाटली असती, आठ दिवसांत कळवतो. आठाचे पंधरा दिवस झाले. आई जेवताना माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. त्या नुसत्या बघण्याने मी एक दिवस पेशंट गेल्यावर मागे थांबले आणि भाच्याला विचारलं, मलाही देता येईल का. तो म्हणाला, तू तर घरातलीच, तुला आधीच सांगणार होतो.

पहिल्या दोन वेळी काही झालं नाही. तिसऱ्या वेळेनंतर दुसऱ्या दिवशी अंगात ताप भरला, छाती-पाठीवर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोलवटलं, पाणी गिळता येईना. आईने अक्कांना फोन केला. त्या आल्या, मला बघितलं आणि तशीच गाडीत घातलं. इस्पितळात मी अकरा दिवस होते. पहिले चार दिवस मी हाताला लागते का नाही याची त्यांना खात्री नव्हती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, विचारलं म्हणून.

ताप उतरल्यावर त्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या हातात ती बाटली होती. भाच्याने सगळं कबूल केलं होतं. त्यांनी विचारलं, "आत काय होतं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"वाचलं नाहीस?"

"नाही."

त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली. वर इंग्रजीत मोठं नाव होतं. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, पण ते कुठल्यातरी परदेशी लिपीत, मला किंवा त्यांना न वाचता येणारं. कोणीतरी कोणालातरी सामानातून आणून दिलेली बाटली होती ती. अक्कांनी ती उलटसुलट फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "मलाही वाचता येत नाही."

मला वाटलं, आता बोलतील. आठ वर्षं काय शिकलीस म्हणतील. त्या खुर्चीतच जरा पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी कातडीची डॉक्टर. रोज गाडीत शेजारी बसायचीस. तुझ्या मनात हे चाललंय ते मला दिसलं नाही." एवढं बोलून त्या नर्सला शोधायला बाहेर गेल्या.

बेळगावच्या लोकांना आईने टायफॉइड म्हणून कळवलं. ते थांबले नाहीत. माझं लग्न पुढे झालं, त्याची गोष्ट वेगळी.

मी कामावर परतले त्या दिवशी अक्कांनी भाच्याला आणि मला समोर बसवलं. त्याच औषधाची बाटली आणखी किती जणींना दिली, हे त्यांनी विचारलं. तो म्हणाला, सात. कोण? त्याच्या वहीत नुसती आद्याक्षरं होती, कारण मुलींच्या घरच्यांना ते गुप्त हवं होतं. पण मला सगळ्या माहीत होत्या. अक्का म्हणाल्या, सातही घरी जायचं. मुलीला गाठायचं, अंगावर काही उठलंय का बघायचं, यकृत-मूत्रपिंडासाठी रक्त तपासायचं. भाचा म्हणाला, मावशी, दवाखान्यात बोलावू या. चौघींना बोलावलं, त्या आल्या. तिघी येईनात. फोनवर नाव ऐकलं की ठेवून देत. त्यांतल्या दोघींकडे तो स्वतः गेला. अक्कांनी त्याला एकट्याला पाठवलं, सगळं सांगायला लावलं, आणि दोन्ही ठिकाणी त्याने बोलणी खाल्ली. त्यानंतर वर्षभरात त्याने दुसरीकडे आपला दवाखाना थाटला. मावशी-भाच्यात अबोला नव्हता, पण बोलायलाही फारसं उरलं नव्हतं.

सातवी मुलगी जुन्या हुबळीत होती. तिचं नुकतंच लग्न झालेलं, सासरचं भांड्यांचं दुकान, घर दुकानाच्या वरच. आपली मराठी माणसं, मूळची मिरजेकडची. मुलीच्या आईने फोनवर हातापाया पडून सांगितलं की सासरी कळलं तर मुलीचं नांदणं अवघड होईल. तिथे पुरुष डॉक्टर जाणं शक्य नव्हतं. अक्का म्हणाल्या, मी जाते.

मला धसका बसला. अक्कांना खोटं बोलता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे सवयच नव्हती. दारात उभ्या राहून त्या सरळ सांगून टाकतील की तुमच्या सुनेला आमच्या दवाखान्यात भलतं औषध दिलंय. म्हणून मी बरोबर गेले. गाडीत मी त्यांना पढवलं. तुम्ही मुलीच्या आईच्या मैत्रीण. लहानपणापासूनच्या. सहज बाजारात आलात, म्हणून डोकावलात. अक्का स्टिअरिंग धरून ते शाळेतल्या मुलीसारखं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मध्येच म्हणाल्या, कुठल्या शाळेत होतो विचारलं तर? मी म्हटलं, विचारणार नाहीत.

सासूबाई दारात आल्या. उंच, कमरेला किल्ल्या, बोलणं तुटक. कोण पाहिजे, म्हणाल्या. अक्कांचा चेहरा घामेजला होता. त्या एका दमात म्हणाल्या, "मी तुमच्या सुनेच्या आईची मैत्रीण आहे, लहानपणापासूनची, सहज बाजारात आले होते." सासूबाईंनी एकदा अक्कांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या. बसा."

चहा झाला, ताटलीभर चिवडा झाला. सून साडी दाखवायच्या निमित्ताने आम्हाला माडीवर घेऊन गेली. तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला होता. बाही वर केली तर कोपरापर्यंत चट्टे. महिनाभर तिने ते झाकले होते. नवऱ्यालाही उन्हाची ॲलर्जी म्हणून सांगितलेलं. अक्कांनी तिथेच रक्त काढून घेतलं, मी सुई पर्समध्ये टाकली. खाली गेल्यावर काय सांगू, मुलगी म्हणाली. अक्का म्हणाल्या, काही सांगू नकोस, पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा येते.

असे आम्ही सहा शुक्रवार गेलो. रक्तात यकृताचा थोडा बिघाड होता, तो हळूहळू उतरला. चट्टे काळे पडले, मग फिकटले. औषधं मी साडीच्या पिशवीत न्यायची. अक्का दर शुक्रवारी सासूबाईंसमोर बसून चिवडा खायच्या आणि बालमैत्रिणीच्या गोष्टी रचून सांगायच्या. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी गोष्टीत स्वतःला आणि त्या मैत्रिणीला एका विहिरीत पोहायलासुद्धा पाठवलं. मी मान खाली घालून बसले होते. सासूबाई हं हं करत ऐकायच्या, मध्ये एक शब्द विचारायच्या नाहीत. गाडीत बसल्यावर अक्का विचारायच्या, जमलं का? मी म्हणायची, जमलं.

सातव्या शुक्रवारी जायची गरज उरली नव्हती. तरी चहाला बोलावलंय म्हणून अक्का जाऊन आल्या.

वर्ष होऊन गेलं. एका सकाळी सासूबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. नाव सांगून, रांगेत बसून, आपला नंबर येईपर्यंत थांबून. आत गेल्यावर त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं, पण बाहेर जा म्हणाल्या नाहीत.

"सुनेला दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. "त्या औषधाचं बाळाला काही होणार नाही ना?"

अक्कांची उजवी भुवई वर गेली. त्यांनी विचारलं, कुठल्या औषधाचं.

सासूबाई म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला खोटं कुठे बोलता येतं, डॉक्टर. शिवाय जिन्यावरून उतरताना तिच्या बाहीतून कापूस खाली पडला."

अक्कांनी विचारलं की मग तेव्हा बोलला का नाहीत. सासूबाई किल्ल्यांशी चाळा करत होत्या. म्हणाल्या, मुलगी बघायला गेलो तेव्हा रंगाचं मीच बोलले होते. सहज बोलले. त्या पोरीने ते एवढं मनावर घेतलं असेल असं कुठे वाटलं होतं. मी विचारलं असतं तर तिला माझ्यापुढे मान वर करता आली नसती आणि मला तिच्यापुढे. तुम्ही तिला बरी करत होता, म्हणून मी चिवडा देत राहिले.

अक्कांनी सांगितलं की सुनेचं रक्त शेवटी स्वच्छ होतं, वर्ष उलटून गेलंय, त्यांना स्वतःला काही होईल असं वाटत नाही. सासूबाईंनी विचारलं, नक्की? कोणीही दुसरा डॉक्टर नक्की म्हणाला असता. मलाही त्या क्षणी वाटलं, म्हणावं.

"नक्की नाही सांगता येणार," अक्का म्हणाल्या. "त्या बाटलीत काय होतं, ते मला अजूनही माहीत नाही."

सासूबाईंनी मान हलवली. पदर सारखा केला आणि उठताना म्हणाल्या, "बरं. मग आपण दोघी वाट बघू."

सात महिने अक्का दर पंधरवड्याला फोन करायच्या. सुनेला नाही, सासूबाईंना. बाळंतपणाच्या दिवशी फोन दवाखान्यात आला तेव्हा समोर पेशंट होता. अक्कांनी हातानेच त्याला थांबवलं. फोन मी उचलला होता, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. सासूबाई सांगत होत्या की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि रंगाने अगदी आईवर गेलीय. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी रिसीव्हर अक्कांच्या हातात दिला.

"वजन किती?" अक्कांनी विचारलं.

पावणेतीन किलो.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि समोरच्या माणसाला म्हणाल्या, "हं, तुमची खाज. कधीपासून आहे?"